अठ्ठाविसावा दिवस

आज अठ्ठाविसाव्या दिवशी
बाटलीच्या तळाला साका बसला.
सुईच्या टोकाएवढे स्फटिक,
उजेडाकडे धरले की चमकतात,
आणि चमकणं म्हणजे इथं नापास.

आत होता नरक्याचा अर्क.
जांबोटीच्या वर, कणकुंबीकडच्या रानात
या झाडावर कोयता पडला की आधी वास येतो,
मेलेल्या उंदरासारखा,
मग फांदी खाली येते.
त्यालाच अमृताही म्हणतात.
एका झाडाला दोन नावं, याचं आम्हाला नवल नाही,
शहरालाही दोन आहेत:
एक बसच्या पाटीवर, एक तोंडात.

पाण्यात विरघळत नाही हा.
रक्तात तसाच सोडला
तर त्याच्या रेणूचं कडं उघडतं, धार जाते;
बोथट विळा गाठीला काय करणार?
म्हणून त्याला तुपाच्या थेंबात दडवायचं.
तूप हे आईला सांगण्यापुरतं,
खरं म्हणजे लेसिथिन आणि स्टिअरिक आम्ल,
पंच्याहत्तर अंशांवर वितळवलेलं,
मग तो कर्कश दांडा
ज्याच्या आवाजानं बसलिंगची दाढ ठणकते,
थेंबाचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे,
एकशे बारा नॅनोमीटर.
एका केसाच्या जाडीत सातशे ओळीनं बसतील.

बाबांना एकदा आणून दाखवलं.
बराच वेळ स्टुलावर बसून राहिले.
नव्वदच्या आसपास लुमाण्णा गावडा
याच झाडाच्या गोण्या पाठीवर घेऊन
चोर्ल्याच्या अंगानं रात्री उतरायचा.
किलोला तीन रुपये.
कुणासाठी, कशासाठी, ठेकेदारानं सांगितलं नव्हतं
आणि त्यानंही विचारलं नव्हतं.
"वरनं कसलं गुंडाळतीस?"
म्हटलं, अंगातल्या पहारेकऱ्यांना दिसू नये म्हणून
एक पातळ पांघरूण.
"आम्ही वर शेणी रचायचो.
नाक्यावर कोण हात घालत नव्हतं."
हसले नाहीत.
दारातून निघताना एवढंच,
"त्या कड्यावर आता एक झाड नाही गे."

साका का बसला ते मला कळतं.
चरबी थंड होताना शहाणी होते,
रेणूला रेणू लावून रांगा करते
कवायतीतल्या पोरांसारख्या,
आणि रांग पक्की झाली
की आत घेतलेल्यालाच बाहेर ढकलते.
थोडं पातळ तेल मिसळायला हवं होतं.
रांग मोडायची,
आत जरा वाकडंतिकडं, जरा फटी,
पाहुणा राहतो तो त्यातच.

हे बसलिंगला कन्नडात सांगताना
नेमका शब्द अडला.
हातांनी दाखवलं, बोटं फाकवून.
तो म्हणाला, सडिल.
मी म्हणाले, सैल.
दोघंही क्षणभर गप्प,
मग त्यानं बाटली उचलून नोंदवहीत लिहिलं: फेल.

समोरच्या घरातली कल्लव्वा
रोज संध्याकाळी कट्ट्यावरनं विचारते,
"औषधी बंतेनव्वा?"
तिसरा डोस झालाय तिचा, अजून तीन आहेत.
मी सांगते, उंदरांपर्यंत आलंय.
"उंदरांचं नशीब,"
हे ती मराठीत म्हणते
आणि पदर पुढे ओढते
कपाळापर्यंत, जिथं केस सुरू व्हायचे.
काल म्हणाली, उंदीर तरी बरे आहेत ना?
मी म्हटलं, सहा होते. चार आहेत.
तिनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.

उद्या दहा टक्के खोबरेल.
बर्फ सांगून ठेवलाय, वीज राहिली तर सकाळीच.
नवी बाटली, नवी तारीख,
पुन्हा अठ्ठावीस दिवस.

जुनी मी अजून ओतलेली नाही.
सगळे गेल्यावर झाकण काढून नाकाशी नेली.
स्पिरिट, थोडं मेण,
माझ्याच हातमोज्याचं रबर.
रान कुठंच नव्हतं.